लाभ, दोन, तीन

विट्यातले यंत्रमाग रात्री साडेअकराला थांबले
तेव्हा कळलं, इतका वेळ मी
त्यांच्याच तालावर टाइप करत होते.
पडद्यावर एकशे बारा चाचण्या हिरव्या,
एक लाल.

वाक्यं फोडणारं यंत्र मी लिहीत नाही.
तसलं यंत्र लिहून देणारं यंत्र
कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलंय.
वरून व्याकरण ओतायचं,
खालून सी भाषेतला पार्सर पडतो,
गिरणीतून पीठ पडावं तसा, गरम.
माझं काम एवढंच:
त्याच व्याकरणातून आता लुआ पडली पाहिजे.
पुढच्या महिन्यात जावा.

"मंजे मूस तीच, साचा निराळा म्हण की,"
अण्णा खाटेवरून म्हणाले, डोळे न उघडता.
चौतीस वर्षं त्यांनी कुंभकोणमला गलाई केली.
सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, टाकणखार घालून आटवायचा,
त्या काळ्या राखेतून गुंजभर पिवळं काढायचं.
धाकटे काका अमृतसरला, मामा गुवाहाटीत.
भट्टी तीच, भाता तोच,
शिव्या तेवढ्या ज्या त्या गावच्या.

साचा म्हटलं की सोपं वाटतं.
पहिल्याच दिवशी एका नियमाचं नाव अडलं.
सीमध्ये 'एंड' हे कुणाचंही नाव असू शकतं,
लुआत तो राखीव शब्द, हात लावायचा नाही.
नावामागे एक खालची रेघ जोडली, निभावलं.
अण्णांच्या तिकडच्या पाटीवर
भिंगारदेवेंचं पिंगारदेवे झालं होतं,
तमिळ लिपीत भ बसत नाही.
त्यांनी ते तसंच राहू दिलं,
पावत्याही त्याच नावाने फाडल्या.

खरा जाच महिरपी कंसांतला.
व्याकरण म्हणून जे हाती आलं ते निखळ नव्हतंच,
नियमानियमाच्या पोटात सी कोंबलेली,
इथे पॉइंटर, तिथे मेमरी मोकळी करणारी ओळ,
आणि एका ठिकाणी कुणाचीशी टीप:
हे का चालतं माहीत नाही, काढू नका.
ते सगळं उकरायला नऊ दिवस गेले.
नऊ दिवस मी जेवतानाही चिडलेली,
आणि समोर अण्णा
ताटावर आडवा हात धरून आईला म्हणत,
"पोदुम, पोदुम."
आई वाढायची थांबे.
ही तमिळ कधी शिकली?
ती तर मायणीच्या पुढे कधी गेली नाही.

आता उरली ती लाल.
चूक आहे सातव्या अक्षरात,
यंत्र बोट ठेवतंय सहाव्यावर.
सी शून्यापासून मोजते,
लुआ एकापासून,
आणि मधल्या साच्याला कुणी सांगितलंच नाही.

उगाच विचारलं, अण्णा,
तिकडे वजन करताना कुठल्या भाषेत मोजायचात?
"बोलनं गिऱ्हाइकाचं. मोजनं आपलं."
मग अंधारात बोटांनी काहीतरी मांडत गेले,
गार झालेल्या गोळ्या ओळीने ठेवाव्यात तसं:
"लाभ, दोन, तीन..."

शून्य नाही. एकसुद्धा नाही.
खळ्यावर धान्याचं पहिलं माप जसं घालायचे तसं.
आजोबा पायलीने ज्वारी मोजत,
अण्णा मिलिग्रॅममध्ये सोनं,
पण सुरुवात कुणी बदलली नाही.
ही तिसरी सुरुवात
माझ्या कुठल्या साच्यात बसवू?

साच्यातल्या एका ओळीत अधिक एक घातला.
चालवून पाहिलं.
ती हिरवी झाली
आणि दुसरीकडच्या लाल झाल्या;
तिथे आधीच कुणीतरी गुपचूप
एक मिळवून ठेवलेला असणार.

अण्णा घोरायला लागलेत.
माग आता सकाळी सुरू होतील.
मी पडद्याला बोट लावून
लाल ओळी मोजते:
लाभ,
दोन.